देशपांडे आडनावाचे लेखक-कलावंत: सूची करतानाच्या प्रकल्प नोंदी

काम एवढंच: देशपांडे आडनावाच्या, साहित्य, संगीत आणि रंगभूमीत नाव झालेल्या व्यक्तींची खात्रीची सूची करायची. एका माणसाची एकच नोंद, एका नोंदीत एकच माणूस. जोशी, कुलकर्णी किंवा पाटील घेऊन कुणी हेच करायला बसणार असेल, तर चुका आधीच कळाव्यात म्हणून त्या जशा झाल्या तशा लिहिल्या आहेत.

३ जून. तक्ता मांडला (३ तास)

सहा रकाने केले: आडनाव, नाव, जन्म, मृत्यू, क्षेत्र, मुख्य कृती. पुरस्कारांच्या याद्या, मराठी साहित्य संमेलनाध्यक्षांची यादी आणि मराठी विश्वकोश समोर ठेवून सापडेल ते उतरवलं. ३४ ओळी झाल्या. गाळणी अजून लावलेली नाही.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की केली. देशपांडे हा मुळात हुद्दा. देशमुखाच्या जोडीला परगण्याचा हिशेब ठेवणारा वतनदार तो देशपांडे. परगणे अनेक, म्हणून घराणीही अनेक, आणि ती विदर्भापासून उत्तर कर्नाटकापर्यंत पसरलेली. त्यामुळे आडनाव एक म्हणजे नातं असेलच, असं कुठेही धरायचं नाही. नातं लिहायचं तर त्याला वेगळा आधार हवा.

५ जून. आद्याक्षरं (५ तास, त्यातले २ वाया)

मराठीत लेखक आद्याक्षरांनी ओळखला जातो आणि दुहेरी नोंदी तिथूनच येतात. ‘पु. ल.’, ‘पु.ल.’, ‘पुल’, ‘पुलं’ हे तक्त्याला चार वेगळे लेखक वाटतात. म्हणून टिंबं आणि मोकळ्या जागा काढून टाकणारा एक रकाना केला आणि तुलना त्याच्यावर लावली. इथवर ठीक होतं. पुढे हाव सुटली: पहिलं आद्याक्षर आणि आडनाव जुळलं की ओळी एकत्र करा, असा नियम लावला. ३४ च्या २६ झाल्या.

संध्याकाळी पुरस्कारांचा रकाना वाचताना एकाच माणसाच्या नावावर साहित्य अकादमीचे दोन पुरस्कार दिसले, १९६२ आणि १९६५. ते दोन लेखक आहेत. १९६२ चा ‘अनामिकाची चिंतनिका’साठी पु. य. देशपांडे यांना, १९६५ चा ‘व्यक्ती आणि वल्ली’साठी पु. ल. देशपांडे यांना. पु. य. म्हणजे पुरुषोत्तम यशवंत, पु. ल. म्हणजे पुरुषोत्तम लक्ष्मण. पहिलं आद्याक्षर सारखं, पहिलं नावही सारखं, आडनावही तेच. वेगळेपण काय ते मधल्या अक्षरात, आणि नियमाने तेच टाकून दिलं होतं. ओळ पुन्हा तोडली. २७.

नियम बदलला: दोन्ही आद्याक्षरं जुळली तरच ‘बहुधा एकच’ असा शेरा पडेल. ओळी एकत्र करणं हातानेच. ‘आद्याक्षरं’ आणि ‘पूर्ण नाव’ असे दोन रकाने वाढवले.

६ जून. मधलं नाव (२ तास)

कालच्याच चुकीचा दुसरा पदर. ‘पुरुषोत्तम देशपांडे’ शोधलं की गोविंद पुरुषोत्तम देशपांडेही येतात, म्हणजे ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ लिहिणारे गो. पु., जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चीनविषयक अध्यापन करणारे. तिथे पुरुषोत्तम हे वडिलांचं नाव आहे. तक्त्याने मात्र ‘वडील: पुरुषोत्तम देशपांडे’ असं वाचून त्यांना पु. लं.शी जोडलं. पु. लं.चा जन्म १९१९ चा, गो. पु. यांचा १९३८ चा. वयाचं गणित बसत असल्याने कुठेही लाल खूण उमटली नाही. गणित बसतं, पण नातं नाही.

‘लक्ष्मण देशपांडे’ शोधतानाही हेच. पाहिजे होते ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग करणारे प्रा. लक्ष्मण देशपांडे, येत राहिले ते ‘पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे’. शोधशब्दाच्या आधी दुसरं नाव नसेल तेवढेच निकाल घ्यायचे, अशी अट घातल्यावर थांबलं. हा घोळ मराठी नावांच्या रचनेतच आहे. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, मग आडनाव. शेवटचे दोन शब्द उचलले की वडीलच हाती लागतात. आडनाव कोणतंही घ्या, हे होणारच. पहिल्याच दिवशी ही अट घाला.

९ जून. सालं आणि उपाध्या (३ तास)

नावावर भरवसा उरला नाही, म्हणून जन्मसाल हीच ओळख धरून पाहिली. टिकली नाही. १९३८ या एकाच साली गो. पु. आणि इंग्रजी कादंबरीकार शशी देशपांडे, दोघांचा जन्म. मृत्यूचं सालही कामाचं नाही: पु. ल. आणि मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे, दोघंही २००० साली गेले.

सालं वयावरून काढण्याचा मोह टाळा. ‘वयाच्या ६४व्या वर्षी निधन’ याचा अर्थ ६३ पूर्ण, चौसष्टावं चालू. गायक वसंतराव देशपांडे यांचा जन्म २ मे १९२०, मृत्यू ३० जुलै १९८३. चालू वर्ष वजा केलं तर जन्म १९१९ निघतो. उलट पु. ल. यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९, मृत्यू १२ जून २०००. त्यांची पूर्ण झालेली ८० वर्षं वजा केली तर १९२० येतं. म्हणजे दोघांची जन्मसालं एकमेकांत बदलली जातात, आणि दोन्ही आकडे दिसायला इतके रास्त की नजर अडत नाही. आमच्या तक्त्यात नेमकं हेच झालं होतं. आता वजाबाकी बंद. पूर्ण तारीख मिळाली तर साल, नाहीतर रकाना कोरा.

आकड्यांची लिपीही एक करून घ्या. काही ओळींत ‘१९१९’ देवनागरीत, काहींत इंग्रजी आकडे. तक्त्याने देवनागरी आकड्यांना शब्द मानलं आणि क्रम लावताना सगळे एका टोकाला नेऊन ठेवले. साठवण्याचा रकाना इंग्रजी आकड्यांत, दाखवण्याचा देवनागरीत. दोन्ही वेगळे ठेवल्यावर सुटलं.

उपाध्या हे लहान काम. ‘पं. वसंतराव’ प मध्ये, ‘डॉ. वसंतराव’ ड मध्ये आणि नुसते ‘वसंतराव’ व मध्ये बसले होते. पं., डॉ., प्रा., श्रीमती हे सगळं नावातून काढून ‘उपाधी’ रकान्यात टाकलं. २७ च्या २४ झाल्या.

११ जून. गाव (१ तास)

साल चालत नाही तर जन्मगाव चालेल, असा विचार होता. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरने तो मोडला. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे (जन्म १९०१), मूर्तिजापूरचे, वसंतराव देशपांडेही (जन्म १९२०) मूर्तिजापूरचे. आडनाव एक, गाव एक, क्षेत्रं निराळी. गावाचा रकाना केलाच नाही. वतनाच्या आडनावांत तर गाव जुळण्याची शक्यता जास्तच असते.

इथे नियम ठरला तो शेवटपर्यंत टिकला: पूर्ण नाव, जन्मसाल आणि क्षेत्र ही तीन मिळून ओळख. तिन्हींपैकी एक जरी आधाराविना असेल तर नोंद ‘कच्ची’.

१४ जून. संगीत (४ तास, १ वाया)

क्षेत्राच्या रकान्यात ‘संगीत’ एवढाच शब्द लिहिला होता. तो फार ढोबळ निघाला. वसंतराव देशपांडे आणि वामनराव देशपांडे, दोघं ‘व’चे, दोघं संगीतातले, दोघांना ‘राव’. एका जुन्या टिपणात ‘व. देशपांडे, घरंदाज गायकी’ एवढंच होतं आणि ते पुस्तक वसंतरावांच्या नावावर चढलं. ते आहे वामन हरी देशपांडे यांचं, १९६१ चं. वामनराव व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट, मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकलेले, घराण्यांच्या गायकीची चिकित्सा करणारे. वसंतराव गायक-नट, १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’तले खाँसाहेब. एक गायकीचा मीमांसक, दुसरा गायकीनेच रंगभूमी भारून टाकणारा. या दोघांची सरमिसळ म्हणजे दोघांवरही अन्याय, म्हणून ही दुरुस्ती दोनदा तपासली.

पुढची पिढी लगेच नीट लावून टाकली, कारण तिथेही गोंधळ ठरलेलाच. राहुल देशपांडे हे वसंतरावांचे नातू. कुमार गंधर्वांचे शिष्य सत्यशील देशपांडे हे वामनरावांचे चिरंजीव. उलट जोडलेलं दिसलं तर आश्चर्य वाटू देऊ नका, दुरुस्त करा. ‘मी वसंतराव’ या २०२२ च्या चित्रपटात राहुल यांनी आजोबांची भूमिका केली आहे. त्यामुळे श्रेयनामावलीत एकाच ओळीवर दोन देशपांडे येतात आणि आपोआप उचललेल्या माहितीत पात्राचं नाव नटाच्या जागी पडतं. ‘कट्यार’चे नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर; ‘पुरुषोत्तम’ आणि ‘देशपांडे’ हे दोन शब्द एकाच पानावर शोधले की तेही पान निकालात येतं. दोन्ही शब्द एकाच नावात असले तरच घ्यायचे.

‘संगीत’चे तुकडे केले: गायन, संगीतरचना, संगीतविचार. एका व्यक्तीला कितीही क्षेत्रं देता येतील अशी सोय केली. पु. लं.ना ती लागतेच. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) या एकाच चित्रपटात लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि अभिनय त्यांचा आहे. एकच क्षेत्र लिहायची सक्ती केली तर सगळ्यांत आधी त्यांचीच नोंद खोटी होते.

१८ जून. स्त्रियांच्या नोंदी (५ तास, अर्धा वाया)

हा दिवस सर्वांत महत्त्वाचा. पहिल्या तक्त्यात चार जणींच्या ‘क्षेत्र’ रकान्यात ‘अमुक यांच्या पत्नी’ किंवा ‘अमुक यांच्या कन्या’ असं उतरलं होतं, कारण आधाराच्या मजकुरात पहिलं वाक्य तेच होतं. नातं हे क्षेत्र नाही. ‘नातं’ आणि ‘माहेरचं आडनाव’ असे दोन स्वतंत्र रकाने केले आणि क्षेत्र नव्याने, कामावरून भरलं.

कुसुमावती देशपांडे (माहेरच्या जयवंत): कथाकार, समीक्षक. १९६१ च्या ग्वाल्हेर संमेलनाच्या अध्यक्ष, या पदावरच्या पहिल्या स्त्री. अनिलांशी विवाह, म्हणून नात्याच्या रकान्यात अनिल. अनिल स्वतः १९५८ मध्ये मालवणला अध्यक्ष होते आणि पु. ल. १९७४ मध्ये इचलकरंजीला. संमेलनाध्यक्षांची यादी पडताळणीला फार उपयोगी पडते, साल आणि गाव दोन्ही एकत्र मिळतं.

सुनीता देशपांडे (माहेरच्या ठाकूर): ‘आहे मनोहर तरी’च्या लेखिका. नुसतं ‘आत्मचरित्र’ लिहून भागत नाही. अभिनय आणि काव्यवाचनही नोंदवलं.

सुलभा देशपांडे (माहेरच्या कामेरकर): अभिनय, दिग्दर्शन. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधल्या बेणारेबाई. त्याचं दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं. दोघं पती-पत्नी आणि ‘आविष्कार’च्या संस्थापकांपैकी. इथे नात्याचा रकाना आणि संस्थेचा उल्लेख दोन्ही लागतात, नाहीतर अरविंद यांची नोंद एकाच नाटकापुरती उरते.

निर्मला देशपांडे: पु. य. यांच्या कन्या. गांधीविचाराच्या कार्यकर्त्या, लेखन हिंदीत. मराठी लेखकांच्या यादीत शोधत राहिलो तर मिळणार नाहीत.

गौरी आणि शशी या दोन नोंदींनी वेळ खाल्ला. दोघी कादंबरीकार, दोघींच्या नावाशी इंग्रजी लेखन जोडलेलं, म्हणून इंग्रजी लेखकांच्या याद्यांत दोघी जवळजवळ येतात. गौरी देशपांडे (१९४२–२००३) माहेरच्या कर्वे, इरावती कर्वे यांच्या कन्या. मुख्य लेखन मराठीत, कविता इंग्रजीत. पु. लं.शी त्यांचं नातं सांगणारी ओळ कच्च्या यादीत होती, ती खोडली. शशी देशपांडे यांचा जन्म धारवाडचा, लेखन इंग्रजीत. कन्नड नाटककार आद्य रंगाचार्य, म्हणजे ‘श्रीरंग’, हे त्यांचे वडील. ‘रंगाचार्य’ हे माहेरचं आडनाव म्हणून भरलं होतं. ते नाव आहे, आडनाव नव्हे. नात्याच्या रकान्यात हलवलं. शशी यांचा १९९० चा अकादमी पुरस्कार मराठीच्या यादीत शोधण्यात अर्धा तास गेला. तो इंग्रजीच्या यादीत आहे. तेव्हा ‘भाषा’ हा रकाना वाढला.

२१ जून. टोपणनाव (२ तास)

‘अनिल’, ‘कवी अनिल’ आणि ‘आत्माराम रावजी देशपांडे’ या तीन ओळी एकाच माणसाच्या. २४ च्या २२. पण मुख्य नोंद कुठे ठेवायची? आडनावाच्या सूचीत आडनावाखालीच ठेवली, कारण वाचक देशपांडेच शोधत आला आहे. ‘अनिल’खाली ‘पाहा: देशपांडे, आत्माराम रावजी’ एवढंच. ‘दशपदी’ला १९७७ चा अकादमी पुरस्कार ‘अनिल’ या नावाने दिसतो. म्हणजे पुरस्कारांच्या यादीत केवळ आडनावाने शोधणारा या नोंदीला मुकतो. आडनाव कुठलंही असो, त्यातल्या टोपणनावांची छोटी यादी आधी हाताने करून घ्या, मग शोध सुरू करा.

२४ जून. शोध (६ तास, ३ वाया)

चालू मजकुरात ‘देशपांडे’ शोधून उल्लेख मोजले. फार कमी आले. कारण साधं आहे: आडनाव विभक्तीत बदलतं. ‘देशपांड्यांनी’, ‘देशपांड्यांच्या’ यांत ‘देशपांडे’ हा शब्दच नाही. ‘देशपांडेंचा’ सापडतो, ‘देशपांड्यांचा’ निसटतो. ‘देशपां’ एवढंच शोधलं की सगळी रूपं येतात. काही हिंदी मजकुरात ‘देशपाण्डे’ असं असतं, त्यासाठी ‘देशपाण्’ हा दुसरा शोध. आधीची मोजणी पूर्ण फेकून द्यावी लागली. तीन तास तिथेच गेले.

कुलकर्णी घेणाऱ्यांना ‘कुलकर्ण्यांनी’, जोशी घेणाऱ्यांना ‘जोश्यांनी’ आणि ‘जोशांनी’ दोन्ही सांभाळावं लागेल. पाटील त्या मानाने सोपं, ‘पाटलांनी’त ‘ी’ गळते एवढंच; ‘पाट’वर शोधलं तर मात्र पाट, पाटा, पाटी सगळं अंगावर येईल. ‘पाटील’ आणि ‘पाटल’ असे दोन शोध वेगळे चालवा.

दुसरा अडथळा डोळ्यांना दिसत नाही. ‘वऱ्हाड’ हा शब्द दोन तऱ्हांनी टंकलेला असतो: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. लक्ष्मण देशपांडे यांची नोंद यामुळेच दोन आठवडे ‘कृती सापडत नाही’ या शेऱ्यासह पडून होती. सगळ्या रकान्यांत ‘र’, हलन्त आणि अदृश्य चिन्ह ही अख्खी जोडणी शोधून ‘ऱ्’ने बदलली. बदल करताना ती चिन्हं सरसकट पुसू नका. नुसती पुसली तर ‘र’ आणि ‘ह’ जुळून रफार होतो आणि शब्द ‘वर्हाड’ होऊन बसतो.

२८ जून. क्रम (२ तास)

आडनाव एकच, म्हणून क्रम नावावर लावायचा. आद्याक्षरांनी लावला तर ‘अ. ना.’ सगळ्यांच्या आधी आणि ‘अनिल’, ‘अरविंद’, ‘अश्विनी’ नंतर, कारण तक्ता टिंबाला अक्षराच्या आधी धरतो. क्रम पूर्ण नावावर लावल्यावर अ. ना. देशपांडे ‘अच्युत नारायण’ म्हणूनही अनिलच्या आधीच राहिले, पण आता टिंबामुळे नव्हे, अक्षरामुळे. वाचकाला दिसताना प्रचलित नाव, क्रमासाठी पूर्ण नाव, असे दोन्ही हवेत.

या सूचीत लागलं नाही, पण इतरांना लागेल: संगणक क्ष ला क मध्ये आणि ज्ञ ला ज मध्ये घालतो, ळ ला ल च्या शेजारी बसवतो. मराठी कोशांच्या परंपरेत ही अक्षरं ह नंतर येतात. क्रमाची भाषा मराठी निवडता येत असेल तर निवडा, नाहीतर त्या ओळी हाताने खाली न्या.

२ जुलै. पडताळणी (७ तास, झेरॉक्स ३८ पानं, ७६ रुपये)

ग्रंथालयात बसून प्रत्येक नोंदीला दोन स्वतंत्र आधार लावले. एकमेकांवरून उतरवलेली दोन पानं हा एकच आधार. चूकही तीच उतरलेली असेल तर ते लगेच ओळखू येतं. नावाच्या रूपासाठी पुस्तकाचं शीर्षकपान, सालासाठी कोश, पुरस्कारासाठी देणाऱ्या संस्थेची यादी. ‘आधार’ हा रकाना शेवटी केला हीच मोठी चूक. तो पहिल्या दिवशी असता तर यातले निम्मे तास वाचले असते.

पक्की झालेली एक नोंद नमुन्याला:

देशपांडे, नागोराव घनश्याम (ना. घ.). १९०९–२०००. मेहकर. कविता. मराठी. ‘शीळ’, ‘खूणगाठी’ (साहित्य अकादमी १९८६).

नाट्यकोशाचे संपादक वि. भा. देशपांडे यांच्या नोंदीत तूर्त आद्याक्षरंच ठेवली. मकरंद देशपांडे यांच्या क्षेत्रात अभिनयाबरोबर नाट्यलेखन आणि दिग्दर्शन वाढवलं.

५ जुलै. जोडआडनाव (१ तास)

शेवटची दुहेरी नोंद. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका अश्विनी भिडे-देशपांडे ‘भिडे’ आणि ‘देशपांडे’ अशा दोन ओळींत होत्या. माणिक भिडे या त्यांच्या आई आणि गुरू, म्हणून भिडेखालीही लोक त्यांना शोधणारच. मुख्य नोंद त्या स्वतः जसं नाव लिहितात तशी, ‘भिडे-देशपांडे, अश्विनी’. देशपांडेखाली ‘पाहा’. व्यक्ती म्हणून मोजणी एकच. २२ च्या २१.

आजची स्थिती: २१ व्यक्ती, १४ रकाने, एकूण ४१ तास, त्यातले साडेसहा वाया. वि. भा. यांची नोंद कच्ची. चित्रकला आणि शिल्पकला या कामात घेतलेली नाही. त्यासाठी प्रदर्शनांच्या पुस्तिका लागतील आणि तिथे सह्या बहुतेक नुसत्या आडनावाच्या असतात, त्यामुळे तक्ता वेगळा करावा लागेल.